मनोरीच्या न मरणाऱ्या माश्या

मनोरीला लोक मासे खायला जातात. आम्ही माश्या आणायला गेलो होतो. मार्वेच्या धक्क्यावर एका काकांनी आमच्या सहा रिकाम्या बरण्या बघून विचारलं, "सुकी मासळी भरणार वाटतं?" मी म्हटलं, "नाही, माश्या. जिवंत." काका हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत, पिशवी उचलून जरा पलीकडे जाऊन उभे राहिले.

प्रवास म्हटला तर लांबचा नव्हे. मुलुंडहून गोवंडी, मग मनोरी, मग बोरीवली आणि शेवटी घाटकोपर. पण असल्या कामासाठी फिरून आलेलं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई माप देता देता हेच विचारते, आणि तोंडात टाचण्या धरून मला सगळं सांगता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी आम्ही कोण ते सांगते. प्रभाकर म्हणजे माझा नवरा. आमचं लग्न एकाच चाळीत जमलेलं, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करते. त्याचं काम पेस्ट कंट्रोलचं. पाठीवर पंप घेऊन गेली पंचवीस वर्षं तो सोसायट्यांमध्ये, हॉटेलांत, बंगल्यांत झुरळं, डास आणि माश्या मारत आला. मनोरीतल्या बऱ्याचशा बंगल्यांचं काम त्याच्याकडे होतं. तिथे शालिनीताई म्हणून एक कोळी बाई घरच्या अंगणात खानावळ चालवतात. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं त्यांच्याकडे जेवायला येतात. त्या अंगणात प्रभाकर वर्षानुवर्षं फवारणी करायचा, आणि हल्ली हल्ली माश्या मरेनाशा झाल्या होत्या. तो गेला की अर्ध्या तासात पुन्हा ताटावर हजर.

एका रविवारी भर पंक्तीत शालिनीताईंनी त्याला विचारलं, "तावडेभाऊ, औषधात पाणी किती घालता?"

आता पाणी घालावं लागतंच, डब्यावरच लिहिलेलं असतं किती घालायचं ते. पण त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, आणि ते सगळ्या पंक्तीला कळलं. गंमत म्हणजे हल्ली तो डब्यावरच्यापेक्षा कमीच पाणी घालत होता, औषध जवळजवळ दुप्पट. तरी मरत नव्हत्या. तो घरी आला, पंप धुतला, पोटमाळ्यावर टाकला आणि म्हणाला, "आता मिया काय करू?" प्रभाकर मालवणीत शिरला की समजायचं, दुखणं खोल आहे. मनोरीच्या बाकीच्या बंगल्यांतून पण फोन यायचे थांबले. तीन आठवडे हा माणूस घरात बसून होता. बोलणं नाही, टीव्ही नाही. मी मशीन चालवायचे आणि तो खिडकीतून खाली बघत बसायचा.

आणि मग मंजिरी आली. मंजिरी त्याच्या बहिणीची मुलगी, घाटकोपरच्या एका कॉलेजात माश्यांवर पीएच.डी. करते. नातेवाइकांत हे सांगताना तिची आई अजून आवाज खाली करते. मंजिरीने मामाची सगळी हकिगत ऐकून घेतली, चहात बिस्किट बुडवलं आणि म्हणाली, "मामा, मला ह्याच माश्या हव्यात. तू मला जागा दाखवायला चल. आणि मामी, तू जाळी शिवून दे."

तो नाही म्हणत होता. मी रात्रीच्या जेवणाआधी जुनी मच्छरदाणी कापायला घेतली, तेव्हा त्याला कळलं की हे ठरलेलं आहे.

गोवंडी, सोमवार

कचऱ्याच्या डोंगराच्या अलीकडे, जिथे रस्ता अरुंद होतो, तिथे संगीताबाईंची भाकरीची गाडी आहे. मूळच्या जालन्याकडच्या. प्रभाकर एका गोडाऊनच्या कामाला तिकडे जायचा तेव्हा त्यांच्याकडे जेवायचा. आम्ही बरण्या आणि लांब दांड्याची जाळी घेऊन उतरलो तेव्हा त्या तव्यावर भाकरी टाकत होत्या. मंजिरीने काय हवंय ते सांगितलं.

"किती पाह्यजेत?" त्यांनी विचारलं, जणू आम्ही लिंबं मागत होतो.

"शंभरेक."

"मग तुम्ही बसा. तुम्ही जेवाया लागलं की त्या येतीलच."

आणि आल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा माशी यावी म्हणून जेवले. गुळाच्या पाण्याची बशी समोर ठेवायची, माश्या दाटीने बसल्या की जाळी सर्रकन फिरवायची आणि लगेच मूठ आवळायची. पहिल्या फेरीला माझ्या जाळीत एक माशी आणि अर्धी मिरची आली. दुसऱ्या फेरीला अकरा. तिसऱ्या फेरीनंतर माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. चोपन्न वर्षांची बाई, पदर खोचून, रस्त्याच्या कडेला जाळी फिरवतेय आणि आकडे मोठ्याने म्हणतेय. दोन रिक्षावाले थांबून बघत होते. त्यातल्या एकाने मला डावीकडे जास्त आहेत असं सुचवलंसुद्धा, आणि ते खरं होतं.

बरणीच्या तोंडाला मी कापडाची बाही शिवली होती, ब्लाउजच्या बाहीसारखीच, टोकाला नाडी. जाळीतल्या माश्या त्या बाहीतून आत सोडायच्या आणि नाडी ओढायची. मंजिरी म्हणाली की तिच्या प्रयोगशाळेत इतकी चांगली बाही कुणाकडे नाही. हे मी दोनदा म्हणवून घेतलं.

मुलुंडला आमच्याकडे ताटावर माशी बसली की ताट बाजूला होतं. गोवंडीत डावा हात ताटावर सतत फिरत असतो, बोलताना, हसताना, भांडतानासुद्धा, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अर्ध्या तासात माझा पण हात फिरायला लागला. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. डोळ्यांतून पाणी काढणारं जेवण, आणि मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"औषध मारत नाही का इकडे कुणी?" प्रभाकरने विचारलं. दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य.

"मारतात की. धूर सोडतात, पावडर टाकतात," संगीताबाई म्हणाल्या. "आधी पटापट पडायच्या. आता धूर आला की बाजूला होतात. धूर गेला की येऊन बसतात."

प्रभाकरने भाकरीचा तुकडा हातातच धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्या रस्त्यावर तर मी मारत नाही. बघ."

मनोरी, बुधवार

मनोरीला यायचंच नाही असं तो मंगळवारभर म्हणत होता. बुधवारी सकाळी सगळ्यात आधी चप्पल त्यानेच घातली. बोटीत मात्र पाठ फिरवून बसला आणि पलीकडे उतरल्यावर म्हणाला, "तुम्ही दोघी जा. मी धक्क्यावर बसतो." डोक्यावर टोपी, ती पण नाकापर्यंत.

शालिनीताईंनी मला कधी बघितलेलं नव्हतं. आम्ही दोघी गिऱ्हाईक म्हणून गेलो. मंजिरीने सरळ सांगितलं की कॉलेजसाठी माश्या हव्यात, आणि त्या म्हणाल्या, "सगळ्या न्या. वर जेवण माझ्याकडून."

अंगण सुरेख आहे. दोन नारळ, एक मोठं चिंचेचं झाड, पलीकडे काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, तोंड उघडे, ओळीने. वारा आला की सगळे एकदम हलतात. खाडीचा खारट वास आणि सुक्या मासळीचा वास ह्यांत कुठला कुठे संपतो ते कळत नाही. मागच्या बाजूला मासळी साफ केल्यावरचा कचरा एका उघड्या पिंपात होता, आणि त्या पिंपावर काळं फडकं घातल्यासारखं दिसत होतं. जवळ गेल्यावर फडकं उडालं. आम्हाला गोवंडीत दोन तास लागले होते, इथे वीस मिनिटांत बरण्या भरल्या.

मग जेवण. तांदळाची भाकरी इतकी पातळ की तिच्यातून बोटं दिसावीत, कोळंबीचं आंबट, सुक्या बोंबलाची चटणी. आमच्या कोकणातल्या घरी बोंबील भाजून चुरतात, ह्यांनी कांद्यावर परतला होता. ज्या बाईने माझ्या नवऱ्याला चोर ठरवलं तिच्या हातचं मी बोटं चाटून खाल्लं, आणि मला त्याची लाज वाटायला हवी होती, पण चटणी संपेपर्यंत वाटली नाही.

"आधी एक तावडे यायचा फवारायला," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "माणूस बरा होता. पण पाणी घालायला लागला."

माझा घास तोंडातच राहिला. मंजिरीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. मी भाकरी मागितली.

धक्क्यावर परत आलो. बरण्यांची पिशवी बाकावर ठेवली आणि बोटीला वेळ होता म्हणून आम्ही दोघी शहाळं आणायला गेलो. प्रभाकरने, रागातच, न बघता, पिशवीवर बूड टेकलं. काच फुटली नाही कारण बरण्या प्लॅस्टिकच्या होत्या. बाह्यांच्या नाड्या मात्र निसटल्या, आणि मनोरीच्या सगळ्या माश्या मनोरीला परत गेल्या. थोड्या जाता जाता धक्क्यावरच्या एका कुटुंबाच्या भेळेवर थांबल्या.

मंजिरी रिकाम्या बरणीकडे बघत राहिली. मला हसू यायला लागलं. ते दाबायला गेले तर शहाळ्याचं पाणी नाकात गेलं. प्रभाकर उभा राहिला. कपडे झटकले, टोपी काढून खिशात घातली, जाळी घेतली आणि चालायला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा तो पिंपापाशी उभा होता आणि शालिनीताई स्वयंपाकघराच्या दारात.

"तावडेभाऊ, आता माश्या धरून नेणार काय?"

"हो."

"कशाला?"

"तपासायला. मी पाणी घातलं की नाही ते ह्या सांगतील."

त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, मग माझ्या मंगळसूत्राकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. सगळं कळलं त्यांना. वाटलं आता वाजणार. पण त्या आत गेल्या, माशाचं एक डोकं आणून जमिनीवर टाकलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर जास्त बसतील. आणि काय निघेल ते येऊन सांगायचं. पाणी निघालं तरी."

"सांगीन," तो म्हणाला.

बोरीवली, शुक्रवार

बोरीवलीला सोसायट्या संपून जंगल सुरू होतं तिथल्या एका पाड्यावर गेलो. प्रभाकर ह्या बाजूला कधीच आला नव्हता. पाड्यावर पेस्ट कंट्रोलवाल्याला कोण बोलावणार. मंजिरीला नेमकं तेच हवं होतं, जिथे कुणी कधी फवारलंच नाही अशी जागा.

दिवसभर बसून जेमतेम चाळीस माश्या मिळाल्या. ज्या घराच्या ओट्यावर बसलो तिथल्या वारली आजींनी आम्हाला नाचणीची भाकर दिली, आणि आम्ही तिच्यावर माशी बसायची वाट बघतोय हे पाहून त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी शेजारणीला बोलावून आणलं. मग दोघी मिळून आमच्याकडे बघत बसल्या. तिकडे माश्या फार झाल्या तर निरगुडीचा पाला पेटवून धूर करतात, आणि शेण-कचरा घरापासून लांब खड्ड्यात टाकतात. एवढंच. प्रभाकर तो खड्डा बराच वेळ बघत होता.

घाटकोपर

पकडलेल्या माश्यांवर लगेच प्रयोग करत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. त्या कुठे काय खाऊन आल्या, किती म्हाताऱ्या, काही ठाऊक नसतं. म्हणून त्यांची अंडी घेऊन पोरं वाढवायची, सगळी एका वयाची, एका खाण्यावर. खाणं म्हणजे गव्हाचा कोंडा आणि दूध पावडर. कोंडा मी पुरवला. त्या दिवसांत प्रभाकर रोज कॉलेजात जाऊन अळ्यांचे कोश झाले का बघायचा आणि घरी येऊन मला सांगायचा. आमची मुलगी दहावीला होती तेव्हासुद्धा त्याने इतक्या चकरा मारल्या नव्हत्या.

शेवटी मंजिरीने आम्हाला बोलावलं. टेबलावर काचेच्या बाटल्या. आतून प्रत्येकीला औषधाचा सारखाच पातळ थर, मोजून दिलेला, त्याच जातीचं औषध जे प्रभाकर वापरायचा. पहिल्या बाटलीत प्रयोगशाळेतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या, औषधाचा वासही न लागलेल्या माश्या. दुसरीत बोरीवली, तिसरीत गोवंडी, चौथीत मनोरी. शिवाय बाजूला एक बाटली प्रभाकरच्या स्वतःच्या डब्यातल्या औषधाची, तिच्यात बोरीवलीच्या माश्या.

पाऊण तासात प्रयोगशाळेतल्या सगळ्या आडव्या. बोरीवलीच्या बहुतेक सगळ्या आडव्या, दोन्ही बाटल्यांत. म्हणजे प्रभाकरचं औषध चोख होतं. गोवंडीतल्या निम्म्याहून जास्त चालत होत्या. आणि मनोरीच्या बाटलीत एकदोन पडल्या होत्या, बाकीच्या काचेवर फिरायला आल्यासारख्या फिरत होत्या. एक तर पाय चोळत बसली होती, जेवण झाल्यासारखी.

प्रभाकर खुर्चीत बसला. चेहऱ्यावरून हात फिरवला. "पाणी नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं रे मामा. हे विकराचं काम आहे."

"विकार? माश्यांना विकार झालाय?"

"विकार नाही, विकर. एन्झाइम. भाकरी चावत राहिलास की गोड लागते ना? लाळेतलं विकर पिठाचे तुकडे करतं म्हणून. तशी माशीच्या अंगातही विकरं असतात. त्यातली काही बाहेरून आलेलं विष तोडतात. तुझं औषध माशीच्या मज्जातंतूंपर्यंत पोचलं तर ती मरते. ह्या मनोरीच्या माश्यांमध्ये ते विकर एक तर जास्त बनतं, नाही तर त्याची घडण जराशी वेगळी आहे. औषध पोचायच्या आत त्याचे तुकडे होतात."

"म्हणजे सवय झाली. दारूसारखी."

"नाही, आणि हेच सगळे चुकतात. एका माशीला सवय होत नाही. ती जन्मतःच तशी असते. आता बघ." तिने मनोरीच्या दुसऱ्या माश्यांना आधी एक वेगळं द्रव्य दिलं. ते स्वतः माशी मारत नाही, फक्त त्या विकराला गुंतवून ठेवतं. मग त्यांना औषधाच्या बाटलीत सोडलं.

आम्ही तिघं वाकून बघत होतो. कुणी श्वास घेत नव्हतं. पहिली पडली, मग दुसरी, मग एकदम पाच-सहा. मी मंजिरीचा दंड धरून हलवत होते. इतक्या माश्या मरताना बघून इतका आनंद कुणाला झाला नसेल. शेवटी थोड्या तरीही चालत राहिल्याच. मंजिरी म्हणाली, त्यांच्यात आणखी काही वेगळं असेल, कदाचित मज्जातंतूंतच, ते अजून शोधायचंय.

प्रभाकरने मात्र दुसरंच धरलं होतं. "जन्मतःच, म्हणजे आधीपासून होत्या अशा?"

"थोड्या. हजारांत एखादी असेल."

"मग बाकीच्या कुठे गेल्या?"

मंजिरी बाटल्या ओळीने लावायला लागली. तिला उत्तर ठाऊक होतं, पण ते मामाला सांगायचं नव्हतं. त्यालाच सांगावं लागलं.

"मी मारल्या," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं एकच डबा. मरणाऱ्या होत्या त्या मी मारल्या, आणि उरलेल्यांचीच पिलावळ वाढत गेली. औषध दुप्पट केलं तेव्हा तर जास्तच." तो मनोरीच्या बाटलीकडे बघत राहिला. "ह्या माझ्याच माश्या आहेत गं."

मला वाटलं, आता पुन्हा तीन आठवडे. पण त्याच्या खांद्यांना एक हिसका बसला, मग दुसरा, आणि मला कळलं की तो हसतोय. अंगभर हसत होता, डोळे पुसत. मंजिरी पण हसायला लागली, आणि मी तर धक्क्यावरचं राहिलेलं सगळं तिथे हसून घेतलं. शेजारच्या खोलीतून एक सर डोकावून गेले.

मनोरी, पुन्हा

रविवारी दुपारी गेलो. मुद्दाम पंगत बसल्यावर, कारण प्रभाकरला तेच हवं होतं. वाटेत मी त्याला म्हटलं, "अरे, पाणी नव्हतं एवढंच सांग. बाकीचं कशाला? ते कुणी विचारलंय?"

"तिने सांगितलंय, काय निघेल ते सांगायचं."

अंगणात तीन टेबलं भरलेली. शालिनीताई सोलकढीचा जग घेऊन उभ्या होत्या. प्रभाकरने सगळं सांगितलं, बाटल्या, बोरीवली, विकर, माझा कोंडा. त्या उभ्या उभ्या ऐकत होत्या. मग जग ठेवला आणि पंगतीकडे वळून म्हणाल्या, "हे तावडेभाऊ. मी ह्यांना इथेच, लोकांसमोर बोलले होते की पाणी घालता. घालत नव्हते. मी चुकले."

जेवणाऱ्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. एकाने तरी मान डोलावली.

"तुम्ही अर्ध्याच चुकलात," प्रभाकर म्हणाला. "पाणी नव्हतं. पण ह्या माश्या माझ्यामुळे अशा झाल्यात. मी मारत गेलो आणि ह्या उरल्या."

शालिनीताईंनी ताटावरची एक माशी हाकलली आणि तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "म्हणजे ही तुमची?"

"माझीच."

"मग घेऊन जा ना," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरची एक बाई सोलकढी पिता पिता ठसकली.

पुढचं पिंपापाशी बोलणं झालं. मी जवळच होते. त्याने सांगितलं की निदान काही महिने तरी तो इथे ते औषध मारणार नाही. अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून मासळीचा कचरा आठवड्यातून दोनदा खोल पुरायचा, पिंपाला घट्ट झाकण, स्वयंपाकघराला जाळी. जाळी माझी बायको शिवेल, असं मला न विचारता सांगितलं.

"आणि पंप?" त्यांनी विचारलं.

"पंप घरी. मी फावडं घेऊन येईन."

"फावड्याचं काम करणार तुम्ही, ह्या वयात?"

"माझ्याच माश्या आहेत," तो म्हणाला.

त्या दिवशी आम्हाला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. प्रभाकरला चटणी तिसऱ्यांदा वाढताना त्या बोंबलाचे मोठे तुकडे शोधून शोधून घालत होत्या.

परतीच्या बोटीत त्याच्या शेजारी मालाडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी सहज विचारलं, फिरायला आला होता का. प्रभाकर म्हणाला, "तुम्ही भाकरी चावत राहिलात तर ती गोड लागते, बरोबर?" आणि तिथून सुरू झाला. बोट लागली, माणसं उतरली, हे दोघे बोलत बोलत उतरले आणि बसस्टॉपवर उभे राहिले. त्या गृहस्थांच्या सोसायटीत पण माश्या मरत नव्हत्या म्हणे. पहिली बस आली आणि गेली. मी जागची हलले नाही. दुसरी आली. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, मी हाताने त्याला जा म्हणून सांगितलं. तीन आठवडे एक शब्द न बोललेला माझा नवरा हातवारे करत मज्जातंतू समजावत होता, आणि मला घरी जायची काही घाई नव्हती.